लॅपटॉपचा वेग आणि अकोल्याचा मे महिना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत 'उन्हाळ्यात लॅपटॉप सुस्तावतोय?' या मथळ्याखाली चार सल्ले छापून आले. पॉवर मोड कायम 'परफॉर्मन्स'वर ठेवा. लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) वापरत असाल आणि 'पॉवरसेव्ह' दिसलं तर ते ताबडतोब बदला. थ्रॉटलिंग, म्हणजे तापल्यावर मशीनने स्वतःहून वेग कापणं, बंद करणारं एखादं टूल टाका. आणि एवढं करूनही भागलं नाही, तर मशीनचं वय झालं असं समजून नवं घ्या. चौथा सल्ला दुकानदारांना नक्कीच आवडला असेल. पहिले तीन आमच्या दोन विद्यार्थ्यांनी सोमवारी दुपारी लॅबमध्ये अमलात आणले, आणि निस्तरायला मी होते. म्हणून हे पत्र.

मी अकोल्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळा सहाय्यक आहे. लॅब सगळ्यात वरच्या मजल्यावर, वर पत्रा, खाली फॉल्स सीलिंग. मे महिन्यात दुपारी दोनला खोलीत ४१ अंश असणं ही आमच्याकडे बातमी नाही. मशीनं बहुतेक लिनक्सवर चालतात, कारण परवान्यांसाठी पैसे नाहीत. लिनक्सचा एक फायदा असा की आत काय चाललंय ते लपवलेलं नसतं. साध्या मजकुराच्या फाइली उघडून चिपचं, म्हणजे प्रोसेसरचं, तापमान, चालू वेग, आणि मशीन सुरू केल्यापासून उष्णतेमुळे किती वेळा वेग कापला गेला याची मोजणीसुद्धा वाचता येते. तापमानाचा आकडा अंशाच्या हजाराव्या भागात लिहिलेला असतो. ९७ अंश असतील तर फाइलीत ९७००० दिसतं, आणि नवीन पोरं हमखास दचकतात. आमचे शिपाईकाका तर मला रोज विचारतात, "मॅडम, हे कॉम्प्युटर दुपारीच काहून झोपते जी?" प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर आपल्या पुरवणीत यायला हवं होतं.

प्रोसेसरमध्ये खर्च होणारी वीज मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: तो सेकंदाला किती ठोके टाकतो (हाच त्याचा वेग) आणि त्याला किती व्होल्टेज दिलंय. वेग वाढला की खर्च त्याच प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजचा परिणाम वर्गाच्या पटीत होतो. आणि जास्त वेग पाहिजे असेल तर व्होल्टेजही जास्त द्यावं लागतं. म्हणजे दोन्हीकडून फटका. उलट बाजूने पाहा: वेग दोन-तृतीयांशावर आणला आणि व्होल्टेजही तेवढंच उतरवता आलं, तर खर्च ३० टक्क्यांवर येतो. प्रत्यक्षात व्होल्टेज इतकं उतरत नाही, तरी बचत मोठी असते. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते, दुसरीकडे जायला तिला वाटच नाही. भरीस भर म्हणजे चिप जितकी तापते तितकी तिच्यातली गळतीची वीजही वाढते, आणि ती गळती तिला अजून तापवते.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, यासाठी वेगवेगळे विभाग आहेत. काम नसलं की प्रोसेसरला किती गाढ झोपवायचं, ते एक विभाग बघतो. गाढ झोपेत बचत जास्त, पण जागं व्हायला वेळ लागतो, म्हणून पुढचं काम कधी येईल याचा अंदाज बांधून तो निर्णय घेतो. पूर्वी वेळ मोजणाऱ्या घड्याळाच्या ठोक्यासाठी कर्नल प्रोसेसरला सेकंदाला शेकडो वेळा विनाकारण उठवायचं. लिनक्समध्ये ते २००७ पासून सुटत गेलं. त्याच वर्षी 'पॉवरटॉप' नावाचं छोटं साधन आलं. कोणता प्रोग्राम प्रोसेसरला सारखा उठवतो, ते त्यात दिसतं. आमच्या लॅबमध्ये यादीत सगळ्यात वर नेहमी ब्राउझर, त्यात कोणीतरी उघडा सोडून गेलेला जाहिरातींचा टॅब.

दुसरा विभाग वेग ठरवतो. त्यात 'गव्हर्नर' नावाचे पर्याय असतात, आणि आपल्या लेखकाची गल्लत नेमकी इथेच झाली. जुन्या पद्धतीत 'पॉवरसेव्ह' गव्हर्नर म्हणजे कायम किमान वेग, हे खरं. पण २०१३ पासून इंटेलच्या प्रोसेसरांसाठी 'इंटेल पीस्टेट' हा वेगळा ड्रायव्हर आहे, आणि आजच्या बहुतेक इंटेल लॅपटॉपवर लिनक्स टाकलं की तोच चालू असतो. त्याच्यातल्या 'पॉवरसेव्ह'चं नाव तेच असलं, तरी वागणुकीत जुन्याशी काही संबंध नाही. काम आलं की तो वेग वर नेतो, काम संपलं की खाली आणतो. इतर प्रोसेसरांसाठी २०१६ पासून 'शेडयुटिल' हा गव्हर्नर आला. कोणतं काम कधी चालवायचं हे ठरवणाऱ्या शेड्युलरकडूनच तो भाराचा अंदाज घेतो आणि त्यावर पाव हिस्सा जास्तीचा ठेवून वेग मागतो. थोडक्यात, 'पॉवरसेव्ह' लिहिलंय म्हणून मशीन मुद्दाम मागे ओढलं जातंय, हे बहुतांशी चुकीचं आहे. सोमवारी मुलांनी 'परफॉर्मन्स' लावलं. काहीही चालू नसताना पंखा ओरडायला लागला, एवढाच फरक पडला. भार टाकल्यावर वेग होता तेवढाच. होणारच. वेग अडत होता तो उष्णतेपाशी, गव्हर्नरपाशी नाही.

आता तिसरा विभाग, ज्याचा आपल्या लेखात उल्लेखच नाही: उष्णता सांभाळणारा. कर्नल मशीनचे 'थर्मल झोन' मानतं. प्रत्येक झोनला सेन्सर असतो आणि काही ठरावीक टप्पे असतात. एका टप्प्यावर पंखा वाढवायचा. त्याच्या वरच्या टप्प्यावर पंख्याने भागणार नाही असं समजून वेग कापायचा. सगळ्यात वरचा टप्पा 'क्रिटिकल': तिथे पोचलं की कर्नल मशीन स्वतःहून बंद करतं, तुमची फाइल सेव्ह असो वा नसो. मधल्या टप्प्यावरची नेहमीची पद्धत पायरीपायरीची असते. तापमान चढतंय तर एक पायरी कापा, पुन्हा बघा, अजून चढतंय तर आणखी एक. मोबाइलसारख्या पंखा नसलेल्या उपकरणांसाठी २०१५ मध्ये दुसरी पद्धत आली. तिच्यात एकूण किती वॅट परवडतील याचं अंदाजपत्रक मांडून ते प्रोसेसर आणि ग्राफिक्समध्ये वाटून देतात. दुपारी उन्हात मोबाइलवर व्हिडिओ अडखळतो, तेव्हा बहुधा अशीच काहीतरी वाटणी चालू असते.

लॅपटॉपमध्ये हे काम एकटं कर्नल करत नाही. पंखा बऱ्याचदा मदरबोर्डवरच्या वेगळ्या छोट्या कंट्रोलरच्या हातात असतो. फर्मवेअरचे, म्हणजे कंपनीने मशीनमध्येच भरून दिलेल्या सॉफ्टवेअरचे, स्वतःचे नियम असतात. आणि सगळ्यांच्या खाली खुद्द चिप: कोणी काही केलं नाही तरी ठरलेल्या मर्यादेला ती स्वतःच वेग पाडते. इंटेलने हे पेंटियम ४ पासून आणलं. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चालू मशीनवरून हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) उचलून दाखवला होता. पेंटियम ४ रांगायला लागला, पण चालत राहिला. शेजारचा, इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडीचा त्या काळचा ॲथलॉन प्रोसेसर मात्र धूर सोडून गेला. (एएमडीनेही पुढे ही सोय केली. आज दोन्हींत तो प्रश्न नाही.) चिप अशी जळणं टाळायची सोय म्हणजे थ्रॉटलिंग, आणि आपली पुरवणी वाचकांना सांगते की ते बंद करा.

दुसऱ्या मुलाने स्वतःच्या विंडोजवाल्या लॅपटॉपवर तेच केलं. त्याचं मशीन ८०० मेगाहर्ट्झच्या वर जातच नव्हतं, खोली थंड असली तरी. आता अशा वेळी ताप हे कारण नसतंच. बोर्डवरचे इतर भागही प्रोसेसरला एका तारेवरून 'हळू चाल' असा निरोप देऊ शकतात. वीजपुरवठा अपुरा वाटला की हा निरोप येतो, आणि काही लॅपटॉप चार्जर ओळखीचा नसला तरी असंच वागतात. याचा चार्जर गल्लीतून घेतलेला, ६५ वॅटच्या जागी ४५ वॅटचा. त्याने टूल वापरून तो निरोप ऐकणंच बंद केलं. वेग आला, मुलगा खूश. तासाभरात चार्जरला हात लावता येईना, आणि प्लग लावलेला असूनही बॅटरी उतरत होती, कारण कमी पडणारे वॅट तिच्यातून ओढले जात होते. टूल काढलं, मित्राचा योग्य वॅटचा चार्जर लावला, आणि काही न करता पूर्ण वेग मिळाला.

आता लॅबमधल्या एका मशीनचे आकडे देते. इंटेलचा आठव्या पिढीतला आय-फाइव्ह प्रोसेसर, १५ वॅटचा. मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ, कमाल ३.४, चिपची मर्यादा १०० अंश. सकाळी साडेसातला खोलीत ३० अंश. चारही कोअरवर सारखा भार टाकला की चिप ८९ वर टिकायची, वेग २.४ च्या आसपास. दुपारी दोनला खोलीत ४१. तोच भार, तेच मशीन: वेग १.६ ते १.९ मध्ये हेलकावे खातोय. गंमत म्हणजे चिप १०० ला पोचलेली नव्हती, ९३-९४ लाच होती. खालच्या कवचाजवळ आणखी एक सेन्सर असतो, माणसाच्या मांडीला चटका बसू नये म्हणून. त्याचा आकडा चढला की फर्मवेअर वॅटची मर्यादाच खाली आणतं. तेव्हा नुसतं चिपचं तापमान बघून 'अजून सात अंश बाकी आहेत' असं म्हणून चालत नाही.

मग मी खालचे स्क्रू काढले. पंख्याची पाती बऱ्यापैकी स्वच्छ होती. बहुतेक जण इथेच झाकण लावून मोकळे होतात. पण पंखा आणि तांब्याच्या नळीच्या टोकाला असलेल्या बारीक पत्र्यांची जाळी, या दोघांच्या मध्ये चिकटपट्टीखाली लपलेली जागा असते. ती पट्टी उचलली, तर जाळीच्या तोंडावर नमद्यासारखा राखाडी थर, आख्खा एका तुकड्यात निघून आला. आमच्या भागात यात धूळ तर असतेच, शिवाय कापसाचे तंतू असतात. जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या, हंगामात ते सगळीकडे उडतात, आणि जी धूळ नुसती उडून गेली असती तिला हे तंतू धरून ठेवतात. फुंकणीने वा ब्लोअरने बाहेरून हवा मारली तर हा थर जाळीवर आणखी घट्ट बसू शकतो. उघडून, चिमट्याने काढायचा. चिपवरची थर्मल पेस्ट (चिपची उष्णता तांब्याच्या नळीपर्यंत नेणारा लेप) सुकून तिचे पापुद्रे झाले होते. तीही पुसून नवी लावली. पेस्टची पुडी शंभर-दोनशे रुपयांची. पुढच्या तितक्याच तापलेल्या दुपारी त्याच भाराला चिप ८४ वर आणि वेग २.३. हे मशीन 'वय झालं' म्हणून निकाली काढायच्या यादीत होतं.

वार्षिक देखभाल करारातली माणसं आमच्याकडे नियमित येतात. कीबोर्ड पुसतात, अँटिव्हायरस चालू आहे का बघतात, सही घेऊन जातात. मशीन उघडून पंखा साफ करणं करारात लिहिलेलंच नाही, मग त्यांनी तरी का करावं?

वाचकांसाठी माझा सल्ला आपल्या लेखाच्या उलट आहे. मे महिन्यात कमाल वेग खाली आणा. लिनक्समध्ये इंटेल पीस्टेटच्या फोल्डरमध्ये कमाल कामगिरीची टक्केवारी लिहायची फाइल असते. तिथे ७० लिहिलं की वरच्या मशीनचा वेग ३.४ ऐवजी २.४ ला थांबतो. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के केलं की सहसा टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वरची उडी, बंद होतो. मुलं म्हणतात, मॅडम, मुद्दाम हळू करायचं? हो. क्षणभर ३.४ ला उडी मारून मग १.६ ला आपटण्यापेक्षा सलग २ च्या वर राहणं प्रात्यक्षिक परीक्षेत जास्त उपयोगी पडतं. आणि लॅपटॉपखाली बर्फाची पिशवी ठेवायचा जो व्हिडिओ सध्या फिरतोय, तो कृपा करून विसरा. थंड धातूवर खोलीतली वाफ जमते, आणि ती कुठे गळेल ते आपण ठरवत नाही. कूलरची हवा चालेल, पण समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कूलर नुसता दमटपणा करतो, हे वऱ्हाडात मी सांगायला नको.

'कंपन्या जुनी मशीनं मुद्दाम मंद करतात' असंही लेखात सूचित केलंय. हा संशय हवेतून आलेला नाही. ॲपलने २०१७ च्या डिसेंबरात मान्य केलं होतं की बॅटरी झिजलेल्या जुन्या आयफोनांचा वेग सॉफ्टवेअरने कमी केला जात होता. पुढे अमेरिकेत त्या खटल्यात त्यांनी ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली. पण तिथेही कारण बॅटरीचं होतं: झिजलेली बॅटरी अचानक मागणी आली की कोलमडते आणि फोन बंद पडतो. ग्राहकांना न सांगता केलं, हा गुन्हा. उष्णतेचं थ्रॉटलिंग नव्या मशीनलाही होतं, पहिल्या दिवसापासून, आणि कंपनीला त्यासाठी काही लपवावं लागत नाही. तिने ते छापलेलंच असतं.

कुठे छापलेलं असतं, तेच या पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. लॅपटॉपच्या तांत्रिक माहितीपत्रकात शेवटच्या पानावर 'वापराचं तापमान' अशी एक ओळ असते. बहुतेक लॅपटॉपांसाठी तिथे कमाल ३५ अंश लिहिलेलं आढळेल. ते खोलीचं तापमान आहे, चिपचं नाही. म्हणजे आमच्या लॅबमध्ये एप्रिलच्या सुरुवातीपासून पावसापर्यंत प्रत्येक दुपारी मशीन त्याच्या कागदावरच्या हद्दीबाहेर चालतंय. अकोला, अमरावती, नागपूर, चंद्रपूर, खाली जळगाव, भुसावळ: कुठल्याही शाळा-कॉलेजात दुपारी जाऊन बघा. बिचारा प्रोसेसर वेग कमी करून तरी तग धरतोय. खरेदीच्या निविदा मात्र पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोलीत बसून लिहिल्यासारख्या असतात. कितवी पिढी, किती जीबी रॅम, कितीचा स्क्रीन, सगळं काटेकोर. वापराच्या तापमानाबद्दल एक शब्द नाही. परिणाम असा की जास्त पिढीचा, जास्त टर्बोचा, पातळ कवचाचा लॅपटॉप येतो. कागदावर तो सरस ठरतो आणि मे महिन्यात साध्या जाड डेस्कटॉपच्या मागे पडतो. डेस्कटॉपमध्ये हीटसिंक मोठा असतो, उघडायला सोपा असतो, पेस्ट लावायला विशेष कारागीर लागत नाही. दिसायला तो जुनाट, म्हणून कोणी मागत नाही.

तेव्हा दोन विनंत्या. एक, पुढच्या रविवारी त्याच जागी, त्याच आकाराच्या टंकात दुरुस्ती छापावी, निदान थ्रॉटलिंग बंद करायच्या सल्ल्यापुरती. वाचकांना टूल सांगण्याआधी चार्जरचे वॅट बघायला सांगावं. दुसरी विनंती आपल्यामार्फत शिक्षण विभागाला आणि संस्थांच्या खरेदी समित्यांना. निविदेत 'खोलीचं तापमान ४५ अंश असताना दोन तास सलग भाराखाली किमान मूळ वेग टिकला पाहिजे' अशी एक अट घालावी आणि देखभाल करारात वर्षातून एकदा, फेब्रुवारी-मार्चमध्ये, मशीन उघडून जाळी साफ करण्याचं कलम टाकावं. पहिली अट चाचणीशिवाय सिद्ध होत नाही, त्यामुळे पुरवठादार कुरकुर करतील. करू द्या. चाचणीसाठी वेगळी खोली बांधायची गरज नाही, आमची लॅब उपलब्ध आहे. नव्या सत्राच्या खरेदीचे कागद आमच्याकडे जूनच्या आत हलायला लागतात, म्हणून पत्र शक्यतो याच आठवड्यात छापावं. लांबलंय, काटछाट जरूर करा, फक्त ३५ अंशांचा परिच्छेद कापू नका.

आपली,
एक प्रयोगशाळा सहाय्यक, अकोला
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)